अभयचा आहेर

पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ असं ठळक छापूनही पूर्वाच्या कॉलेजातल्या मित्राने, अभयने, स्वतः जोडलेला लिनक्सचा कॉम्प्युटर लग्नात दिला होता. तेव्हापासून तो कॉम्प्युटर तिच्या नवऱ्याच्या, सुदर्शनच्या, डोळ्यांत खुपत होता.

आज सुदर्शन कामाला बसला, तर इंटरनेट जोडणारं नेटवर्क कार्डच कॉम्प्युटरला दिसेना. ड्रायव्हर पुन्हा टाकला, तीनदा रीस्टार्ट केलं, तरी यादीत कार्डाचं नाव नाही.

“मी बसते तेव्हा नीट चालतं,” पूर्वा म्हणाली.

“चालणारच. जुनी ओळख आहे ना तुमची!”

त्याने कॉम्प्युटर बंद केला, उघडला आणि कार्ड उपटून हातात घेतलं.

पूर्वाने शांतपणे कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. ती टाइप करू लागली आणि गालातल्या गालात हसली. तिच्या प्रत्येक अक्षरासरशी सुदर्शनच्या तळहातावर कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

त्याने मूठ आवळली.

“अभय लिहितोय,” मागे वळून न बघता पूर्वा म्हणाली, “एवढं घट्ट धरू नकोस.”