मागचा बाक

"थांबा पाळकसाहेब, भाकर कुठं पळून जात नाही!" चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर वाटायला सुरुवात होताच सलोमीबाई पहिल्या बाकावरून उठल्या. "सुनेनं बांगडी चोरली नव्हती. दुसऱ्याच दिवशी घरात सापडली. नाक कापलं जाईल म्हणून सात वर्षं मी तोंड शिवून बसले."

त्यांनीच घेतलेल्या त्या आळापायी चर्चच्या मंडळीनं सुनेला मागच्या बाकावर बसवलं होतं. तिथं भाकरीचं ताट जात नसे. सलोमीबाई काठी टेकत गेल्या आणि सगळ्यांदेखत तिच्या पायाशी वाकल्या. "चुकलं गं माझं."

पाळकांनी सुनेपुढे ताट धरलं.

"भूकच मेली माझी, आत्याबाई," एवढंच म्हणून ती चर्चबाहेर निघून गेली.

सलोमीबाई तिच्या जागेवर बसल्या. पाळकांनी ताट त्यांच्यापुढे केलं.

"न्या साहेब, या बाकावर ताट येत नाही."