घट बसायच्या आधी

काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या दोनच ओळी होत्या. सिस्टिम सापडत नाही, डिस्क बदला आणि कुठलंही बटण दाबा. गेल्या दोन दिवसांत अक्षदाने कीबोर्डवरचं एकही बटण दाबायचं बाकी ठेवलं नव्हतं.

"वहिनी, आता बास करा," नारायणगावहून कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेला रत्नदीप खुर्ची ओढत म्हणाला. "त्याला काय नाय व्हायचं, तुमची बोटं दुखतील."

अक्षदाला हसू आलं नाही. आहुप्याच्या देवराईतल्या झाडपाल्याच्या औषधांवर तिने दोन वर्षं एसटीने हिंडून प्रबंध लिहिला होता. तो सगळा ह्या डब्यात होता आणि सोमवारी विद्यापीठात द्यायचा होता. हाताने लिहिलेले कच्चे कागद घटाआधीच्या साफसफाईत बंबात गेले. ते तिनेच दिले होते, आता सगळं कॉम्प्युटरात आहे म्हणून. ज्या कुशाबाईंनी तिला निम्मी झाडं ओळखायला शिकवली, त्या आषाढात वारल्या. पुन्हा विचारायला जायचं तरी कुणाकडे?

उंबऱ्याशी तिच्या सासूबाई, धोंडाबाई, घटाच्या माळेसाठी कारळ्याची पिवळी फुलं ओवत बसल्या होत्या. नवरात्राचा उपास ह्या घरात फक्त सासूचा. पण यंदा सुनेच्याही पोटात दोन दिवस अन्न नव्हतं, आणि ते बघून म्हातारीला काही सुचत नव्हतं.

रत्नदीपने खिशातली फ्लॉपी आत सरकवली. घरघर झाली आणि मशीन सुरू झालं, पण फ्लॉपीच्या उसन्या अवसानावर. तो पांढरी अक्षरं वाचत राहिला. मग पडद्याच्या अगदी जवळ गेला.

"प्रबंध आहे का?" अक्षदाने विचारलं.

"असेल. आधी ही गंमत बघा."

अक्षदाला प्रबंधाची पडलेली आणि ह्याला गंमत सुचत होती.

"मशीन चालू करणाऱ्या काही फायली असतात," रत्नदीप म्हणाला. "त्या बाहेर, मोकळ्याच पडलेल्या असायला पायजेत. इथं एक नाय. सगळ्या एका नव्या फोल्डरात नेऊन ठेवल्यात. एकही हरवलेली नाय."

"मग व्हायरस असेल."

"व्हायरस नासधूस करतो वहिनी. आवराआवर करत नाय."

बोलता बोलता त्याची नजर घरभर फिरली. फळीवर पितळी डबे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने चकचकत होते. गोधड्यांच्या घड्या एकावर एक, कोपऱ्याला कोपरा जुळवून. रत्नदीपने अक्षदाकडे पाहिलं आणि दोघांनीही उंबऱ्याकडे.

धोंडाबाईंची सुई थांबली.

"म्याच आवरलं," त्या म्हणाल्या. "घट बसायचे व्हते. माळा काढला, गोधड्या कालव्याव धुतल्या. मंग ह्येलाच कसं सोडायचं? तूच तर मला दावलं व्हतंस, कसं उचलायचं आन् कुठं ठिवायचं. पहाटं चूल पेटवली, तुमी समदी झोपल्याली, म्हनलं आवरून टाकावं. बाकी समदं पिवळ्या फडताळात नीट व्हतं, आन् ही चिल्लीपिल्ली तेवढी उघड्याव पडल्याली. टाकलं न्हाई म्या काय. एका फडताळात ठिवलं."

पडद्यावरच्या पिवळ्या फोल्डरांना त्या फडताळं म्हणत. ह्या फायली एरवी लपलेल्या असतात, पण त्या दिसायची सोय मागे अक्षदानेच करून ठेवली होती, हरवलेलं एक प्रकरण शोधताना.

"त्याने तुम्हाला काय विचारलं नाय का, आजी?" रत्नदीपने कुतूहलाने विचारलं.

"इचारलं की. लई येळा इचारलं, इंग्रजीत. मी आपली पैल्या बटनाव हो म्हनत गेले."

"आत्या, मला एका शब्दाने विचारायचं तरी!" अक्षदाचा आवाज चढला. "दोन दिवस मी रडतेय, आणि तुम्ही गप्प?"

"मला काय ठावं, त्येच्यानं बंद पडलंय?" म्हातारी कावरीबावरी झाली. "आवरल्यानं कुठं घर बंद पडतं व्हय?"

रत्नदीपला हसू फुटत होतं, पण अक्षदाचा चेहरा बघून त्याने ते गिळलं आणि कामाला लागला. फ्लॉपीवरून एक आज्ञा देऊन मुख्य फायली जागेवर आणल्या, उरलेल्या फोल्डरातून काढून पुन्हा उघड्यावर ठेवल्या, फ्लॉपी काढून मशीन नव्याने चालू केलं. पडद्यावर निळं आभाळ आलं, ढग आले, आणि खणखणीत सूर वाजला.

अक्षदाने प्रबंध उघडला. पानामागून पान खाली सरकवत कुशाबाईंच्या प्रकरणापाशी आली. सगळं जागच्या जागी होतं. पदराने डोळे पुसले आणि तिथूनच वाचायला लागली. सासूवरचा राग अजून पुरता गेला नव्हता.

धोंडाबाई अर्धी माळ हातात घेऊन रत्नदीपच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"पर ही चिल्लीपिल्ली करत्यात तरी काय? कदी कोन त्यास्नी उघडून बघताना दिसलं न्हाई."

"आजी, बटण दाबलं की सगळ्यांच्या आधी ह्या उठतात," रत्नदीप म्हणाला. "मग बाकीच्यांना उठवतात, कामाला लावतात. तेवढं झालं की दिवसभर त्यांना कोण विचारत नाय. पण एक दिवस जागेवर नसल्या, तर कुणाचंच काय चालत नाय."

हे धोंडाबाईंना लगेच पटलं. त्यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं. अक्षदानेही वाचता वाचता मान वर करून सासूकडे पाहिलं होतं. म्हातारीची एवढी एकच शंका उरली.

"आन् त्यास्नी कोन उठवतं?"