चुन्याची कळी

धाकट्या लेकाचं, हैबतीचं लग्न तोंडावर आलं, तसा महिपतीने महाडच्या बाजारातून भिंतींसाठी कळीचा चुना आणला. स्वतः पारखून आणला, हे गावभर सांगूनही झालं.

अंगणातल्या पिंपात त्याने चुन्याच्या कळ्या टाकल्या आणि घागर उचलली.

"लांब व्हा! पानी पडलं का खदखदतो नुसता. डोळ्यात उडंल."

त्याची बायको राहीबाई मागे सरली. थोरली सून बनू ओसरीच्या खांबाला टेकून होती, ती तिथेच राहिली. पोटचं पोर गेल्यापासून तिला कशाची भीती उरली नव्हती, की हौस. विचारलं तर हो-नाय, एवढंच बोलायची.

महिपतीने घागर रिकामी केली आणि टुणकन मागे उडी मारली.

पिंप गप्प. ना वाफ, ना बुडबुडा. त्याने वाकून पाहिलं, मग हात घातला. पाणी थंडगार. चुना दुकानात उघड्यावर पडून, हवा खाऊन कधीच मेला होता.

"मामंजी," ओसरीवरून आवाज आला, "चुन्यातच चुना लावला वो तुमाला!"

आणि बनू हसली. पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना.

महिपती तावातावाने वहाणा घालू लागला. "आत्ता जातो नि त्याच्या तोंडावर मारतो ह्यो चुना. एक कळी फुलली नाय!"

राहीबाईने त्याला दंडाला धरून खाली बसवलं.

"एक खुलली की," ओसरीकडे बघत ती म्हणाली.