चर्चची किल्ली

अथेन्सहून या खेड्यातलं आठशे वर्षांपूर्वीचं चर्च बघायला आलेल्या स्त्रातोसला कॉफीवाला म्हणाला, "किल्ली स्तामाता आजीकडे असते."

स्तामाता आजीने आधी अंजिराचा मुरांबा खाऊ घातला आणि मग कपाळावर हात मारला, "अगंबाई, किल्ली तर हारिक्लियाकडे!" हारिक्लिया आजीने कॉफी पाजली, "लग्न का नाही केलंस अजून?" म्हणून उलटतपासणी घेतली आणि मगच मनगटाएवढी जाड किल्ली त्याच्या हातात ठेवली.

धापा टाकत स्त्रातोस टेकडी चढला. दाराला हात लावताच ते सताड उघडलं.

तो तणतणत हारिक्लिया आजीकडे परत आला. स्तामाता आजीही तिथेच बसली होती. "आजी, दाराला कुलूपच नाहीये!"



"ते मोडून वीस वर्षं झाली रे. हात धुऊन घे. किल्ली परत द्यायला येशीलच म्हणून आम्ही दोघी जेवायच्या थांबलोय."