ओब्दुलियाबाईंची सही

शेवटची चिठ्ठी ओब्दुलियाबाईंनी उलगडली, खिडक्यांतून आत बघणाऱ्या लोकांना दाखवली आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "पिवळा."

"पिवळा," खिडक्यांतून सगळे एका सुरात म्हणाले. सवयच ती. निम्म्याअधिक गावाने ह्याच वर्गात बाईंच्या मागून पाढे म्हटले होते.

बाईंनी फळ्यावर शेवटची रेघ ओढली. आमच्याकडे मोजताना चार रेघांचा चौकोन काढतात आणि पाचवी रेघ तिरकी, ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. फळा चौकोनांनी भरून गेला होता. पिवळे एकशे त्रेचाळीस, तांबडे अडतीस.

पुढच्या बाकावर आपारिसियो बसला होता. हा तांबड्या पक्षाचा शाखाप्रमुख. गळ्यात तांबडा रुमाल, हातात तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या थंडगार काढ्याचा प्याला. चाळीस वर्षांत आमच्या गावात तांबडा कधी हरला नव्हता, आणि ह्याला विचारल्याशिवाय कुणाची गायसुद्धा व्यायली नव्हती म्हणा ना.

कोपऱ्यात हार्लनसाहेब उभे होते. परदेशातल्या, लोकांना लोकशाही शिकवणाऱ्या एका संस्थेचे. पेटी त्यांनीच आणली, चिठ्ठ्याही त्यांनीच छापून आणल्या. गावात वाचता न येणारे पुष्कळ, म्हणून चिठ्ठीवर नुसती दोन चित्रं, एक तांबडं, एक पिवळं. पेटी आधी रिकामी दाखवायची, प्रत्येक चिठ्ठी सगळ्यांना दाखवायची, सही सगळ्यांत शेवटी, असं त्यांनी तीन दिवस शिकवलं होतं. बाईंनी पहिल्या दिवशी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्याच दोन चुका काढल्या.

"बाई, इथे सही करा." आपारिसियोने टेबलावर एक तक्ता सरकवला. तो आधीच भरलेला होता. तांबडे एकशे त्रेचाळीस, पिवळे अडतीस. नवे आकडे शोधायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते गृहस्थाने.

"हे उलटं झालंय," बाई म्हणाल्या.

"उलटं काय नि सुलटं काय! हा कागद उद्या राजधानीत जाणार. आमच्या गावात तांबडा हरला, असं मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"एरवी ज्या तोंडाने बोलता, त्याच."

खिडकीत कोणीतरी फिसकन हसलं. आपारिसियोने वळून पाहिलं तसं ते थांबलं.

"बाई, दीड वर्षात तुम्ही निवृत्त होणार," तो आवाज उतरवून म्हणाला. "राहता शाळेमागच्या खोलीत. सही केली नाहीत तर उद्यापासून शाळा नाही, खोली नाही. आणि आत्ता हवालदार रुफिनोबरोबर ठाण्यावर जायचं. ह्या वयात तिथली फरशी सोसणार नाही तुम्हाला."

बाई घाबरल्या होत्या आणि ते लपवणं त्यांना जमत नव्हतं.

"बाई, करा सही," हार्लनसाहेब हळूच म्हणाले. "माझं ऐका. शेवटी हे काही..."

"तुम्ही पाहुणे," आपारिसियोने मधेच तोडलं. "चिपा पाव खा आणि गप्प बसा."

बाई साहेबांकडे वळल्या. "जे मोजलं त्याच्याखालीच सही करायची, तुम्हीच सांगितलंत ना? का ते नुसतं वहीत लिहायला होतं?"

साहेबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

मग बाईंनी खिडक्यांकडे तोंड केलं. "पिवळे किती?"

लोक एकमेकांच्या पायांकडे बघत राहिले. शेवटी चिपा पाव विकणाऱ्या म्हाताऱ्या सातुर्निनाने डोक्यावरची टोपली खाली ठेवली.

"एकशे त्रेचाळीस, बाई."

"एकशे त्रेचाळीस," मागून दोघंतिघं म्हणाले. मग सगळ्याच खिडक्या.

बाईंनी भरलेला तक्ता बाजूला सारला, कोरा घेतला, खरे आकडे लिहिले आणि खाली सही केली. एवढ्या भीतीतही अक्षर नेहमीसारखं गोल आणि सुबक आलं. तक्ता त्यांनी हार्लनसाहेबांच्या हातात दिला.

रुफिनो दारात येऊन उभा राहिला. "बाई, माझ्यावर कशाला हो ही वेळ आणलीत?"

"टोपी काढ, रुफिनो. वर्गात आहेस."

त्याने मुकाट्याने टोपी काढली. बाईंची पिशवीही त्यानेच जीपपर्यंत उचलून नेली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो. एवढी छाती गावात दुसऱ्या कुणाची नव्हती, हे कबूल करायला आम्हाला त्या दिवशी मुळीच लाज वाटली नाही.

दुपारच्या बसने हार्लनसाहेब राजधानीला निघाले. गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी अहवाल लिहायला घेतला.

"सराव मतदान, पहिलंच," त्यांनी लिहिलं. "खऱ्या निवडणुकीला अजून तीन आठवडे. आजचा निकाल: आंबा एकशे त्रेचाळीस मतं, कलिंगड अडतीस."