रोजची वाक्यं

माझी बायको प्रयाग जाऊन सात दिवस झाले होते. दहाव्याला पिंड द्यायला मुलगा लागतो, म्हणून मी घाटनांदूरहून बीडला आमच्या अंगदच्या इंग्रजीच्या क्लासवर गेलो.

"बसा आबा, दहा मिनिटं," म्हणून त्यानं मला मागच्या बाकावर बसवलं.

तो रोजच्या बोलण्यातली वाक्यं शिकवत होता. एकच साचा, त्यात शब्द बदलायचे. आधी मराठीत सांगायचा, मग इंग्रजीत.

"मी आईला रोज फोन करतो. आय कॉल माय मदर एव्हरी डे."

पोरं त्याच्या मागं जोरात म्हणायची.

"मी आईला दवाखान्यात नेतो. मी आईला वेळेवर औषध देतो."

प्रयाग सहा महिने अंथरुणावर होती. त्या सहा महिन्यांत तो एकदाच आला, तोही तिला अग्नी द्यायला.

क्लास सुटल्यावर त्यानं घड्याळ बघितलं. "आबा, दहाव्याला जमंल असं वाटत न्हाई. नवी बॅच हाय. पुतण्याला बसवा की."

मी उठलो. म्हणालो, "बसवतो. तुझी काय चूक न्हाई, लेका. तुझ्या आईलाच इंग्रजी यायला पाहिजे व्हती."