अर्धं बोट

बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. "पप्पा, घरात बसून तुम्हीच भूत दिसायला लागलात," म्हणत सृष्टीने मला कॉलेज रोडवरच्या भुताच्या खेळाला नेलं. बंद खोलीत चावी शोधून बाहेर पडायचं. भूत झालेली मुलगी आत असते, पण अंगाला हात लावत नाही, असा नियम.

अंधार झाला. भूत झालेली मुलगी किंचाळली. माझी लेक हसली.

तेवढ्यात कुणीतरी माझं अर्धं बोट धरलं. सातपूरच्या कारखान्यात, प्रेस मशीनमध्ये तुटलेलं. रस्ता ओलांडताना बायको तेवढंच धरायची. म्हणायची, "हे कुणी चोरणार नाही." दवाखान्यातही शेवटच्या दिवशी तिने तेच धरलं होतं. ड्युटीची वेळ झाली म्हणून मी ते सोडवून घेतलं.

या वेळी मी हललो नाही.

"पप्पा, चावी मिळाली! चला!"

दार उघडलं, दिवे लागले. भूत झालेली मुलगी समोरच्या भिंतीशी साखळीत उभी होती. माझ्या शेजारी बघून तिने तोंडावर हात ठेवला.

"पप्पा, येताय ना?"

"तू हो पुढे," मी म्हणालो.

बोट दुखेल इतकी पकड घट्ट झाली.